दीड हात

सायबू तडवीवर बंदी, दोन वर्षांची.
बातमी आतल्या पानावर, केळीच्या भावाखाली,
चार बोटांची. फोटो जुना,
मिसरूड फुटायच्या आधीचा.

संध्याकाळी सुरवाडेच्या टपरीवर
जे जन्मात मैदानात पळाले नाहीत
तेही धापा टाकत आले.

"घेतलं म्हंजे घेतलं," लीलाधर फालक म्हणाला,
"पहिल्या बाटलीत निघालं, दुसऱ्या बाटलीतबी तेच.
लघवी काय खोटं बोलते?"

डॉमिनिक, चाळीस वर्षं लोको शेडमध्ये
आणि त्याहून जास्त गोलपोस्टमध्ये उभा राहिलेला :
"गुडघ्याचं इंजेक्शन व्हतं भो. क्लबच्या डॉक्टरनं टोचलं.
पोरानं काय सुईले इचारायचं, तुह्यं नाव काय?"

"इचारायचं. पगार घेतो ना त्याचा?"

"मग डॉक्टरवर बंदी काबरं नई?"

इथं मालगाडी आली.
दीपनगरचा कोळसा, अठ्ठावन्न वाघिणी.
भुसावळात भांडणं अशी तुटून तुटून होतात;
तेवढ्या वेळात कोणी चहा संपवतो,
कोणी बाजू बदलतो.

गाडी सरली तेव्हा सुरवाडे बोलला, गाळणी झटकत :
"फालक भाऊ, तुमच्या वखारीत हिरवा घड
पुडी ठेवून रातोरात पिवळा होतो,
त्याची बाटली कोणी भरून नेली का कधी?"
फालक उठला. चपला घातल्या.
मग बसला. त्याचा चहा यायचा होता.

मी गप्प.
एकतीस वर्षं गार्डाच्या डब्यातून झेंडे दाखवले,
हिरवा, लाल, एक चूक नाही, रेकॉर्ड काढून बघा.
आणि रविवारी रेल्वे मैदानाच्या कडेला
चुन्याच्या रेषेवर तिसरा झेंडा, पिवळा.

त्या वर्षीची फायनल. समोर धुळ्याची टीम.
एकोणनव्वदावं मिनिट. सायबू सतरा वर्षांचा,
उसने बूट, चवड्यात कापसाचे बोळे कोंबलेले.
बॉल सुटला तेव्हा तो दीड हात पुढं होता.
मला दिसलं. ऊन माझ्या पाठीशी होतं,
डोळ्यांत गेलं म्हणायचीही सोय नव्हती.
हात उठला नाही.
की मी उठवला नाही,
हे वाक्य मी अजून
दोन्ही बाजूंनी धुऊन बघतो.

धुळ्याचा गोलकीपर, लांबुडका पोरगा,
बॉल जाळीतून न काढता माझ्याकडं बघत राहिला.
शिवी दिली नाही.
त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

त्याच गोलवर सायबूला पुण्याला नेलं,
पुण्याहून गोव्याला. आम्ही फटाके फोडले.
लडीचे पैसे माझेच होते.

झेंड्याची तपासणी कोणत्या बाटलीत होते?

मंगळवारी पॅसेंजरनं तो स्वतःच आला.
लंगडत नव्हता,
पण पुलाचा जिना एकेक पायरी मोजून उतरला.
टपरीवर बसला.
डॉमिनिकनं बाकावर जागा केली,
फालकनं न सांगता चहाचे पैसे दिले,
आणि सगळे भरताच्या वांग्यांवर बोलू लागले,
यंदा बामणोदची उशिरा आली, बी जास्त, वगैरे,
जणू चौकशी वांग्यांचीच चालली होती.
तो ऐकत राहिला. बशीतला चहा फुंकत राहिला,
निवला तरी.

मग माझ्याकडं वळला.
"काका, तुम्ही काईच नई बोलले.
तुम्हाले काय वाटते?"

मी कप खाली ठेवला.
रुळांकडं बघितलं.
अप नाही, डाउन नाही.
दोन्ही बाजूंना सिग्नल लाल,
आणि एवढ्या मोठ्या जंक्शनवर
एकही गाडी येत नव्हती.